टाकीवरची पांढरी रेघ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर जिन्याखालून वळलं की डाव्या हाताला एक्स-रेची खोली होती. खोलीला खिडकी नव्हती. दारावर लाल दिवा, दाराबाहेर बाक, आणि बाकावर कायम कुणीतरी आपला हात नाहीतर पाय सांभाळत बसलेलं. आतून एका बाईचा आवाज यायचा.

"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

मग मशीनची बारीकशी कुरकुर. मग, "सोडा."

वीसेक वर्षं ती हेच बोलत आली होती. आवाजात माया नव्हती आणि तुसडेपणाही नव्हता, तरी सगळे ऐकायचे. घरी कुणाचं न ऐकणारे ऐकायचे, पिऊन जिन्यावरून पडलेले ऐकायचे, एरवी रडून गोंधळ घालणारी पोरंही ऐकायची. शिशाच्या काचेमागे उभी राहून ती त्यांच्याकडे बघायची आणि तेवढा वेळ स्वतःही श्वास धरून ठेवायची. काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपणही धरायचा, म्हणजे समोरच्याला किती जमेल ते कळतं. ती सवय तिच्या अंगात मुरली होती. रस्ता ओलांडताना, दूध उतू जाताना, कुणी वाईट बातमी सांगायला तोंड उघडलं की, ती श्वास धरून ठेवायची.

सगळे तिला एक्सरेबाई म्हणत. स्ट्रेचर ढकलणारे मामा तिची थट्टा करायचे. "बाई, तुम्हाला माणसाचं तोंड आठवत नाही, बरगड्या आठवतात."

"तुमच्या आठवतात ना, मामा. त्यात विडीच्या धुराशिवाय काही दिसलं नव्हतं."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पाण्याच्या दोन सिमेंटच्या टाक्या. घरात ती आणि तिची सासू. बाहेरच्या खोलीत एका तिपाईवर टेलिफोन, त्याच्या वर भिंतीवर घड्याळ. मुलगा शाळेत रोज उशिरा पोचायचा म्हणून सासूनं घड्याळ कधीकाळी पुढे करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. मुलगा मोठा झाला, जहाजावर नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी ते पुढेच. मध्ये एकदा घड्याळ बंद पडलं, नवं आणलं, तर सासूनं तेही पुढे करूनच भिंतीवर चढवलं. सुनेनं विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू दे गं. त्याच्या नशिबात नाही वेळेवर पोचणं. घड्याळानं तरी पोचावं."

नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर होता. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर, उरलेले घरी. घरी आला की न बिघडलेले नळ दुरुस्त करायचा. त्यामुळे तो असेपर्यंत घरात कुठलातरी नळ गळत असायचा, आणि तो गेला की कोपऱ्यावरचा प्लंबर येऊन ते पूर्ववत करायचा. दोघी यावर हसायच्या, पण त्याच्यासमोर नाही.

जहाज खोल पाण्यात असलं की साधा फोन चालत नसे. कप्तानाकडे एक जाड अँटेनाचा फोन होता. रविवारी संध्याकाळी तो प्रत्येकाला थोडा थोडा वेळ मिळायचा. छपराखाली तो लागायचा नाही, उघड्या डेकवर उभं राहून बोलावं लागायचं. इकडे फोन वाजला की ती आधी वर घड्याळाकडे बघायची आणि मग रिसीव्हर उचलायची, आणि बोलणं चालू असतानाही तिची नजर काट्यावरच असायची, कारण मिळालेल्या वेळातला अर्धा वेळ सासूचा. सासू त्या अर्ध्या वेळात एकच विचारायची, जेवलास का. तो म्हणायचा जेवलो. मग ती विचारायची, काय जेवलास.

शेवटच्या रविवारी सासूचं बोलून झालं होतं. रिसीव्हर सुनेकडे आला.

"अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय. तुमचं तुटक येतंय."

"वारा फार आहे इथं. थांब हं, जरा पलीकडे जाऊन बोलतो."

मग नुसताच आवाज, गॅसवर पाणी तापत ठेवल्यासारखा. मग तोही बंद झाला.

ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. तो थांब म्हणाला होता. सासू दोनदा म्हणाली, "अगं, ठेव तो खाली. परत करायचा असेल तर कसा करेल?" पण तिला वाटत होतं, खाली ठेवला तर तो पलीकडे पोचून बोलायला लागेल आणि इथं कुणी नसेल. सासूनं शेवटी तिच्या हातातून तो काढून घेतला तेव्हा भाजीचं पातेलं करपून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या कचेरीतून फोन आला. तो जहाजावर सापडत नव्हता. त्यांनी जहाज वळवलं होतं, शोधलं होतं, आणखी एक जहाज मदतीला आलं होतं. ते सगळं सांगणारा माणूस चांगला होता, एकेक गोष्ट दोनदा सांगत होता. तिनं श्वास धरून ठेवला. तो किती वेळ धरला होता ते तिला आठवत नाही.

काही आठवड्यांनी त्याची पेटी आली. कपडे, हत्यारं, दाढीचं सामान, एक स्वेटर. स्वेटर सासूनं धुऊ दिला नाही.

अंत्यसंस्काराला देह नव्हता, म्हणून लोक काय बोलावं या संकोचात येऊन गेले. कुणी म्हणालं, आशा सोडू नका. कुणी म्हणालं, आता मन घट्ट करा. दोघींनी सगळ्यांना चहा दिला. मग लोक यायचे थांबले. घरातले नळ एकदाचे नीट चालू लागले होते.

त्यानंतर वर्षभरात केव्हातरी एका संध्याकाळी ती गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. दिवस मावळून गेला होता, आकाश अजून पुरतं काळं झालं नव्हतं. एका जागी, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक ठिपका दिसायला लागला. तो हळूच सरकत होता आणि मोठा होत होता. शुक्राएवढा झाला, मग त्याहून मोठा, मग इतका की टाकीच्या भिंतीवर दोरीची सावली पडली असं तिला वाटलं. आवाज काही नाही. मग तो तसाच बारीक होत होत विझून गेला. एवढं सगळं व्हायला, एक छातीचा फोटो काढायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं मामांना सांगितलं.

"विमान असेल."

"विमान विझतं का, मामा?"

"मग चष्मा बदला." पण मग स्ट्रेचर भिंतीला लावून ते म्हणाले, "शाळेच्या मैदानावर शनिवारी एक मास्तर दुर्बीण घेऊन येतात. पोरांना चंद्र दाखवतात. त्यांना विचारा. मात्र वेळ काढून जा. बोलायला लागले की चंद्र मावळतो, ते मावळत नाहीत."

मास्तर निवृत्त होते, भूगोल शिकवायचे. तिचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "तारा नव्हे हो, ताई. उपग्रह. फोनच्या जुन्या जाळ्यातला. त्याला आरशासारख्या गुळगुळीत पाट्या आहेत. उन्हाचा कवडसा पडतो त्यांच्यावरून. लहानपणी आपण आरसा घेऊन समोरच्याच्या घरात कवडसा पाडायचो आणि शिव्या खायचो, तसंच. फक्त हा आरसा वर आहे आणि शिव्या कुणी देत नाही. कधी, कुठं पडणार, तेही आधी काढता येतं."

"कुठल्या फोनच्या जाळ्यातला?"

"जिथं खांब नाहीत, तारा नाहीत, तिथं चालणारे फोन असतात ना. वाळवंटात, डोंगरात, जहाजावर." आणि ते पुढे सांगत राहिले, पाट्या कशा, कोन कसा. ती त्यांचं संपेपर्यंत उभी राहिली. मैदानातली पोरं घरी गेली. मग तिनं विचारलं, "एखाद्या दिवशी, एखाद्या वेळेला, एखाद्या जहाजाच्या वर यातला कोण होता, ते काढता येईल?"

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

त्यांनी तिला सगळं विचारून घेतलं. जहाज त्या संध्याकाळी कुठं होतं ते कंपनीनं सांगितलेलं होतंच. जहाजावरची वेळ आणि इथली वेळ यात फरक किती, तो त्यांनी नकाशा घेऊन दोनदा पडताळला. "फोन कधी तुटला?"

"सव्वासात," ती म्हणाली. "घड्याळाकडेच बघत होते मी."

पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे उत्तर होतं. त्या जाळ्यातल्या प्रत्येकाला क्रमांक होता. "एकाच वाटेवरून हे एकामागून एक धावत असतात, मुंग्यांच्या रांगेसारखे. पुढचा गेला की थोड्या वेळानं मागचा त्याच जागी. त्या वेळी जहाजाच्या डोक्यावर होता तो हा." त्यांनी क्रमांक सांगितला. तो तिनं एकदाच ऐकला आणि त्यानंतर कधी उच्चारला नाही. ती त्याला 'आपला' म्हणायला लागली.

तिला त्याचा फोटो हवा होता. कशाला, ते मास्तरांनी विचारलं नाही. 'थांब हं' हे शब्द त्याच्याकडे आधी पोचले होते आणि मग तिच्याकडे. त्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नव्हता. एवढी साधी गोष्ट होती ती.

मास्तरांनी आपला जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड दिला. म्हणाले, अवघड काही नाही. कवडसा यायच्या आधी शटरची झडप उघडायची, उघडीच ठेवायची, कॅमेरा जराही हलू द्यायचा नाही, तो विझला की मिटायची.

"म्हणजे माझंच काम," ती म्हणाली.

तरी सुरुवातीला काही येईना. कधी सगळंच धूसर, कधी विमानाच्या ठिपक्यांची माळ, कधी नुसती काळी पाटी आणि कोपऱ्यात टाकीचं झाकण. सासूला हे पसंत नव्हतं. ती खालून जिन्यात उभी राहून बोलायची. "माणूस पाण्यात गेला आणि तू वर बघतेस."

सून स्टँडचे पाय घट्ट करत राहिली. पुढच्या संध्याकाळी मात्र सासू धापा टाकत गच्चीवर आली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "कुठं बघायचं ते दाखव. नाहीतर मानेला उगाच रग लागायची."

त्या पहिल्याच महिन्यात एक फोटो साधला. टाकीच्या बरोबर वर, काळ्यावर एक पांढरी रेघ. सुरुवातीला केसासारखी, मध्ये फुगत गेलेली, मग पुन्हा केसासारखी. मधला भाग इतका लख्ख की टाकीची कड उजळून निघाली होती. आयुष्यभर तिनं काळ्यावरचं पांढरं पाहिलं होतं, पण ते सगळं मोडक्या माणसांचं. असं पूर्ण काही पाहिलं नव्हतं. शनिवारच होता, ती कॅमेरा घेऊन चपलाही न घालता शाळेच्या मैदानावर गेली.

मास्तरांनी बराच वेळ निरखून बघितलं. "सुंदर आलाय. पण हा आपला नाही हो, ताई. आपल्याच्या पुढे पळतो ना, तो हा. आपला अजून यायचाय."

तिचा चेहरा पडला. परक्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं वळून बघावं, तसं काहीतरी तिला वाटलं असावं. कॅमेऱ्यातल्या कार्डात जागा थोडी होती. तिनं तिथंच, मैदानावर उभ्या उभ्या, बटण दाबून तो पुसला.

मग वर्षं गेली. बाकीचे वेळेवर यायचे, लखलखून जायचे, आणि आपल्याची पाळी आली की ढग यायचे. नाहीतर तिची रात्रपाळी असायची. एकदा सासूला ताप होता, एकदा समोरच्या इमारतीवर नवा मजला चढला होता. दोन-तीनदा तो फोटोत आला, पण कडेचा, फिकट, नखाचा ओरखडा उठावा तसा. कवडशाचा मधला भाग दरवेळी गावाच्या पलीकडे कुठंतरी पडायचा. ते ओरखडे तिनं छापून घेतले आणि एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटात ठेवले. पाकिटावर नाव लिहायची जागा असते, तिथं नवऱ्याचं नाव लिहिलं.

"येईल," सासू बादलीवरून म्हणायची. "उशिरा येण्याची खोडच आहे."

एका शनिवारी मास्तर दुर्बीण न उघडताच बसले होते. जुन्या उपग्रहांच्या जागी नवे पाठवले जात होते, ते म्हणाले. नव्यांना तसल्या पाट्या नव्हत्या, ते कवडसा पाडणार नव्हते. जुने एकेक करून खाली आणत होते. हवेत शिरले की जळायचे. निम्मे गेलेही होते.

"आपला?"

"आहे अजून. पण फार दिवस नाही."

ती म्हणाली, "त्यांच्यात आत काही राहतं का, मास्तर? बोललेलं?"

"नाही, ताई. आलं ते पुढे पाठवायचं. ठेवत काही नाहीत."

"माहीत होतं मला. उगाच विचारलं."

मास्तरांनी मग दर आठवड्याला गणित मांडलं आणि शेवटी एक संध्याकाळ सापडली. आपल्याचा कवडसा, पूर्ण, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीच्या पटांगणावर पडणार होता. त्यानंतर तो खाली येईपर्यंत इथून परत दिसण्याची आशा नव्हती. तिनं रजा टाकली. इतक्या वर्षांत स्वतःसाठी घेतलेली तिची ती पहिली रजा होती, त्यामुळे मामांनी अर्ध्या रुग्णालयाला सांगितलं की एक्सरेबाईंचं कुठंतरी जमलंय.

मास्तर गाडी घेऊन दोघींना न्यायला आले. त्यांचं आणि तिचं बोलणं आजवर मैदानातच झालं होतं. घरी ते प्रथमच येत होते. सासूनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि हातात चहा दिला.

"आजी, कशाला त्रास..."

"आजी काय म्हणता? तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. बसा गपचूप."

मास्तर हसले, कप तोंडाला लावला, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. ते ताडकन उठले. चहा बशीत सांडला. "अहो ताई, चला, चला! उशीर झाला! मी तर हिशेबानं निघालो होतो..." आणि त्यांनी मनगट वर केलं.

सासूला हसू आवरेना. "बसा हो, मास्तर. ते दहा मिनिटं पुढे आहे."

"पुढे?"

"पोरगा शाळेत होता तेव्हापासून."

"म्हणजे... कायमच?"

"कायमच. नवं आणलं तेही पुढे करूनच लावलं की मी."

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. मग त्याच्या खालच्या तिपाईकडे, टेलिफोनकडे. आतल्या खोलीत ती कॅमेऱ्याची बॅटरी घालत होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

गाडीत ते समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिले. सासू मागच्या सीटवरून म्हणाली, "काय मास्तर, आज तोंडाला कुलूप? आमची सून तर सांगायची, तुम्ही बोलायला लागलात की चंद्र मावळतो."

"रस्ता खराब आहे," मास्तर म्हणाले. रस्ता चांगला होता.

गिरणीचं पटांगण मोठं होतं. धुराडं तेवढं उभं, बाकी भिंती कंबरेएवढ्या. फरशीच्या फटींतून गवत वर आलेलं. तिनं स्टँड उभा केला, पायाखालचे खडे काढले, कॅमेरा वळवला. पश्चिमेला अजून राखेसारखा उजेड होता. सासूनं घरची बादली आणली होती, ती तिच्यावर बसली. मास्तर मनगटाकडे बघत बाजूला उभे राहिले आणि वेळ झाली तेव्हा नुसतं म्हणाले, "उघडा."

तिनं झडप उघडली. ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

तो आला. धुराड्याच्या वर एक कण, मग ठिपका, मग दिवा. तो वाढत गेला आणि वाढायचं थांबेचना. गिरणीच्या पडक्या भिंती क्षणभर फिकट निळ्या दिसल्या. "आला! आला गं!" सासू बादलीवरून उठली, तिचा पदर खांद्यावरून घसरला. आणि मग, आल्या वाटेनंच गेल्यासारखा, तो बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि आकाश होतं तसं झालं.

"सोडा," ती म्हणाली, आणि झडप मिटली.

पडद्यावर रेघ होती. पूर्ण. टाकीवरच्या त्या पहिल्या रेघेसारखी, किंबहुना तिच्याहून मोठी. ती खाली फरशीवरच बसली. सासूनं वाकून कॅमेऱ्याच्या काचेवर बोट ठेवलं.

"एवढासा?"

"मोठा करता येतो, आई."

"मोठा कर. चांगला भिंतीएवढा कर." मग तिचे गुडघे बोलायला लागले आणि ती गाडीत जाऊन बसली.

सून उठून स्टँडचे पाय मिटू लागली. मास्तर तसेच उभे होते. "मास्तर, काय झालं? बरं नाही का तुम्हाला?"

मास्तर म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सव्वासात म्हणाला होतात. ते भिंतीवरचं घड्याळ बघून?"

"हो."

"दहा मिनिटं वजा करून?"

तिनं भिंगावर झाकण बसवलं. मग काढलं. मग पुन्हा बसवलं.

"बाहेर पडताना वजा करतो आम्ही," ती म्हणाली. "मी घरात होते, मास्तर. घरात कोण वजा करतं?"

गाडीत सासूनं दिवा लावला, तिचं पांढरं डोकं काचेत दिसत होतं.

"मग कोण होता?"

"याच्या पुढचा. दहा मिनिटांत एकाची जागा दुसरा घेतो. मी सगळं विचारलं, जहाजाची वेळसुद्धा दोनदा बघितली, आणि घरात कुठलं घड्याळ आहे ते..." त्यांनी मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं झाकलं.

"आहे तो अजून?"

"गेल्या वर्षी जळाला."

ती म्हणाली, "म्हणजे तो पहिला. टाकीवरचा."

मास्तरांनी मान हलवली. "आपला नाही, असं मीच म्हणालो होतो."

"पुसला मी."

वारा नव्हता. गवतात कुठंतरी किडा वाजत होता, तो थांबला. तिनं कॅमेरा पुन्हा चालू केला. पडद्यावर रेघ आली. खाली कोपऱ्यात पुसायची खूण होती, बटण तिच्या अंगठ्याखाली. आजवर आपले नसलेले सगळे तिनं असेच पुसले होते. मास्तर दुसरीकडे बघायला लागले.

"मास्तर, फोन तुटल्यावर दहा मिनिटांनी हा तिथं होता का मग?"

"होता."

"जहाजाच्या डोक्यावर?"

"हो."

"म्हणजे पलीकडे जाऊन त्यांनी परत लावला असेल, तर तो याच्याकडून."

"लावला असेल तर, हो. पण ताई, तसं काही..."

"आणि मी रिसीव्हर धरूनच उभी होते," ती म्हणाली.

मास्तरांना ते नीटसं कळलं नाही. त्यांना वाटलं, ती वाट बघत होती असं सांगतेय. ते म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार होतात." तिनं अंगठा बटणावरून काढला, कॅमेरा बंद केला आणि पट्टा गळ्यात घातला.

"अगं, झालं का?" गाडीतून सासू ओरडली. "डास फोडून खातायत मला इथं! तोच ना गं तो? आपलाच ना?"

"हो, आई," ती म्हणाली. "आपलाच."

परतताना सासूच बोलत होती. किती मोठा होता, धुराड्यावरून कसा आला, पोरगा असाच यायचा, आधी पत्ता नाही आणि मग एकदम दारात. मास्तर गाडी चालवत होते. ती खिडकीजवळ होती आणि तिनं श्वास धरून ठेवला होता. आपण धरून ठेवला आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा गल्ली आली होती.

सोमवारी ती कामावर गेली. मामांनी विचारलं, "काय बाई, कुठं जमलं होतं?" ती म्हणाली, "जमलं, मामा," आणि पुढच्याला आत घेतलं. दुपारी एका थोराड माणसाच्या छातीचा फोटो काढताना ती "धरून ठेवा" म्हणाली आणि काचेमागे तशीच उभी राहिली. मशीन वाजून गेलं. माणसाचं तोंड लाल झालं. शेवटी तोच हनुवटी पाटीवरून न हलवता, दातांतून म्हणाला, "बाई, मेलो." तेव्हा ती भानावर आली.

फोटो सासूनं मोठा करून घेतला. काचेची चौकट करून घेतली. कुठं लावायचा यावर तिचं आधीच ठरलेलं होतं. कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावून तिनं घड्याळ आणि टेलिफोन यांच्या मध्ये खिळा मारून घेतला. सून कामावरून आली तेव्हा तो भिंतीवर होता.

"सरळ आहे का बघ गं. मला वाटतं डावीकडे कलला."

तिनं बघितलं. वर घड्याळ, खाली टेलिफोन, मध्ये काळ्यावर ती पांढरी रेघ.

"सरळ आहे, आई."

"मग झालं तर. आता पुसायला तेवढा उंच नाही, माझा हात पोचतो." आणि तिनं पदरानं काच पुसली.

त्या खाकी पाकिटातले ओरखडे सुनेनं तसेच ठेवले. पाकिटावरचं नावही तसंच आहे. मास्तर अजून शनिवारी मैदानावर येतात, पोरांना चंद्र दाखवतात. म्हणे हल्ली कमी बोलतात. ती त्यांच्याकडे एकदा जाऊन कॅमेरा आणि स्टँड परत देऊन आली. घड्याळाविषयी सासूला तिनं काही सांगितलं नाही, आणि त्याला हातही लावला नाही. सासू रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघून दिवा लावते, भाजी चिरायला घेते, हिला हाक मारते. ही उत्तर देते आणि वर बघते. बाहेर कुठं जायचं नसतं. तरी आता ती घरात बसल्या बसल्याही दहा मिनिटं वजा करते.